सवय करून घ्या, पण कशी?

कानात आवाज येतो म्हणून डॉक्टरकडे गेलेला माणूस घरी येताना बहुधा तीन गोष्टी घेऊन येतो. ऑडिओमेट्रीचा कागद, ज्यावरच्या दोन रेघा उजवीकडे जाता जाता खाली घसरलेल्या असतात. महिनाभराच्या गोळ्यांची चिठ्ठी. आणि एक वाक्य: "याला तसा इलाज नाही, सवय करून घ्या." कागद फाइलमध्ये जातो, गोळ्या संपतात. वाक्य मात्र राहते, आणि रात्री दोनला घरातले सगळे गाढ झोपलेले असताना कानातल्या शिट्टीइतकेच छळते.

माझ्या स्वतःच्या कानाला हा सोबती बरीच वर्षे आहे, त्यामुळे या वाक्याशी माझे जुने भांडण आहे. वाक्य खोटे नाही. बहुतेकांना कालांतराने सवय होते हे खरेच आहे. भांडण एवढेच की ते अर्धे आहे. सवय कशाची करायची, ती होते कशी, कोणत्या गोष्टी तिच्या आड येतात, घरच्यांनी काय करायचे, हे पुढे कोणी सांगत नाही. बाहेर पुढचा पेशंट थांबलेला असतो. ही प्रस्तावना आणि पुढची पाने त्या उरलेल्या अर्ध्या वाक्यासाठी आहेत.

वसई-विरारमध्ये या आवाजासाठीचा टिनिटस हा शब्द केसपेपरवरच भेटतो. माणसे आपापल्या घरादारातल्या आवाजांनी सांगतात. कान वाजतो. कानात रातकिडे बसलेत. कुकरची शिट्टी सुटलीय ती थांबतच नाही. विहिरीवरची मोटार चालू राहिलीय. ज्यांना ऐकू कमी येते अशा वयस्कर माणसांना कधी कधी लांबवर भजन किंवा बँड चालल्याचा भास होतो, आणि आपले डोके फिरले की काय या भीतीने ती कोणाला सांगत नाहीत. डोके फिरलेले नसते. बाहेरून आवाज पुरेसा मिळत नाही म्हणून मेंदू जुने साठवलेले वाजवत असतो. (कोणीतरी आपल्याशी बोलतेय, हुकूम सोडतेय असे ऐकू येत असेल तर तो प्रश्न वेगळा, त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञ हवा.) सुश्रुतसंहितेत कानाचे २८ रोग मोजले आहेत. कर्णनाद त्यांतला एक, आणि त्याच्या वर्णनात भेरी, मृदंग, शंख यांचे आवाज येतात. म्हणजे मोबाइल, डीजे आणि लोकल यांच्या कितीतरी आधीपासून माणसांचे कान वाजत आले आहेत. तेव्हा हा ‘हल्लीचा आजार’ आहे असा सूर आपण लावू नये हे बरे.

किती जणांना असतो? २०२२ साली ‘जामा न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात जगभरच्या पाहण्यांचा एकत्र हिशेब आला. प्रौढांपैकी साधारण १४ टक्के लोकांना कानात आवाज जाणवतो आणि सुमारे २ टक्के लोकांना तो जगणे अवघड करण्याइतका असतो. आपल्या महापालिका हद्दीत २०११ च्या जनगणनेतच १२ लाखांवर माणसे होती. त्यांतले प्रौढ ८ लाख धरा. जगाची सरासरी लावली तर कान वाजणारे लाखाच्या पुढे जातात, आणि त्यापायी झोप उडालेले १६ हजारांच्या आसपास. लोकसंख्या तेव्हापासून फुगली आहे ते वेगळेच. हिशेब ढोबळ आहे. तरी विरार लोकलच्या एका डब्यात उभे राहून आजूबाजूला पाहावे आणि यातल्या किती जणांना आता, या क्षणी, गाडीच्या खडखडाटाआड दुसराही एक आवाज ऐकू येत असेल, याचा विचार करावा. ते एकमेकांशी कधी बोललेले नसतात.

कारणे पुष्कळ आहेत. वय, कानातला साचलेला मळ, मधल्या कानाची दुखणी, मेनिएरचा आजार, रक्तदाब, मानेचे आणि जबड्याचे स्नायू. काही औषधे: क्विनाइन, मोठ्या मात्रेतले ॲस्पिरिन, कर्करोगावरचे सिस्प्लाटिन, आणि क्षयरोगाच्या जुन्या उपचारांतली स्ट्रेप्टोमायसिनसारखी इंजेक्शने, ज्यांनी आपल्याकडच्या एका पिढीचे कान कायमचे दुखावले. या सगळ्यांचे तपशील पुढे येतीलच. इथे मी फक्त गोंगाटापाशी थांबतो, कारण ते कारण आपल्या गावचे आहे आणि आपल्याला त्यात काही करता येते.

वसई पूर्वेला गोलाणी नाक्यापासून वालीव, सातिवली, चिंचपाड्याच्या अंगाला गेले की गाळ्यांच्या रांगा लागतात. पॉवर प्रेसचा ठोका, ग्राइंडरची किंचाळी, पत्रा कापल्याचा कर्कश आवाज. वर पत्र्याचेच छप्पर, त्यामुळे सगळे आतच घुमते. आठ तासांच्या पाळीला ९० डेसिबलची मर्यादा आहे, आणि गोंगाटाने येणारा बहिरेपणा कारखान्यांच्या कायद्यात नोंद करण्याजोग्या व्यवसायजन्य आजारांत मोडतो. पण पाच माणसांच्या गाळ्यात ही यादी घेऊन कोण जाणार? तिथला कामगार फार तर कानात कापूस घालतो. कापसाने आवाज फारसा अडत नाही. फोमचे साधे इअरप्लग स्वस्तात मिळतात, ते पिळून बारीक करून, कान वर ओढून आत बसवावे लागतात, आणि नीट बसले तर मोठा फरक पडतो. पाळी सुटल्यावर त्या माणसाचे कान तास-दोन तास बधिर असतात, आत शिट्टी वाजत असते. सकाळपर्यंत ती जाते म्हणून तो मनावर घेत नाही. असे कितीतरी सकाळी होते आणि मग एका सकाळी ती जात नाही.

हळदीच्या रात्री डीजे, विसर्जनाला बेंजो, वरातीत फटाके यांवर लिहिले की लिहिणाऱ्याला सणांचा वैरी ठरवण्याची पद्धत आहे. मला बेंजो आवडतो. तो तीन हात अंतरावरून, पत्र्याएवढ्या स्पीकरमधून ऐकायची सक्ती आवडत नाही. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलच्या वर आवाज जाता कामा नये, आणि रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद हवा. सरकार ठरवील त्या मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत. ठाण्याच्या डॉ. महेश बेडेकरांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१६ मध्ये हे नियम पाळून घेण्याबद्दल सविस्तर निकाल दिला. मुंबईत सुमैरा अब्दुलाली यांची आवाज फाउंडेशन सणासुदीला मीटर घेऊन आवाज मोजत आली आहे. एवढे सगळे असून लग्नघरी जाऊन "जरा कमी करा" म्हणायला जीभ रेटत नाही, कारण यजमान आपल्याच भावकीतला असतो. निदान लहान मुलांना स्पीकरच्या भिंतीपासून लांब न्यावे आणि खिशात इअरप्लगची जोडी ठेवावी, इतके तरी भांडणाशिवाय जमते.

गोंगाटातली तिसरी गोष्ट सगळ्यांत सौम्य दिसते. चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर. दिवसाचे तीन तास गाडीत जाणारी माणसे आपल्याकडे हजारोंनी आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या कानात आता इअरफोन असतात. गाडीचा खडखडाट, त्यावर मात करायला गाण्याचा आवाज आणखी चढवलेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास ऐकला तर बहुधा चालते. पण दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम ४ तास उरतात. नालासोपाऱ्याला चढून अंधेरीला उतरणारी पोरगी हा कोटा बुधवारी संपवते.

आता कानात नेमके होते काय ते पाहू, कारण सवयीचा रस्ता त्या समजुतीतूनच जातो. आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी एक नळी असते. त्यात सुमारे १५ हजार केसपेशी असतात. त्या आवाजाच्या कंपनांचे मेंदूला समजेल अशा संदेशांत रूपांतर करतात. मेल्या की परत उगवत नाहीत. सगळ्यांत आधी जातात त्या बारीक, चिरक्या आवाजांच्या; म्हणून ऑडिओमेट्रीची रेघ उजवीकडे खाली घसरते. त्या पट्ट्यातून संदेश येईनासे झाले की मेंदू आपल्या बाजूने संवेदनशीलता वाढवतो, आणि मग मज्जातंतूंची नेहमीची, एरवी कधी ऐकू न येणारी कुजबुजही आवाज म्हणून ऐकू येऊ लागते. कानाची नस कापली तरी अनेकांचा आवाज गेला नाही, हे शस्त्रक्रियांनीच दाखवून दिले आहे. कानात सुरू झालेले प्रकरण पुढे मेंदूच चालवत असतो.

ही कुजबूज सगळ्यांच्याच डोक्यात असते. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोघांनी कान चांगले असलेल्या ८० माणसांना आवाज पूर्ण बंद केलेल्या खोलीत बसवले आणि काय ऐकू येते ते सांगायला सांगितले. ९४ टक्के लोकांनी काही ना काही ऐकले: गुंई, सूं, शिट्टी. आपल्याकडे हा प्रयोग करायला खास खोली लागत नाही. मे महिन्यात रात्री वीज जाते, पंखा थांबतो, शेजारचा फ्रिज, वरच्या मजल्यावरचा एसी, रस्त्यापलीकडचा पाण्याचा पंप, सगळे एकदम गप्प होतात. घरातले इतर लोक डासांना शिव्या घालत असतात आणि कान वाजणाऱ्या माणसाच्या डोक्यात सायरन चालू झालेला असतो. आवाज वाढलेला नसतो, बाजूचे बाकीचे गेलेले असतात. हे एकदा ध्यानात आले की वीज जाण्याची निम्मी भीती जाते. मी तरी तेव्हापासून उशाशी सेलवर चालणारा छोटा रेडिओ ठेवतो.

आणखी एक शोध मला फार महत्त्वाचा वाटतो. कानातल्या आवाजाची बाहेरच्या आवाजाशी तुलना करून मोजणी केली तर बहुतेकांचा तो अगदी हलका निघतो, त्या माणसाला जेमतेम ऐकू येणाऱ्या पातळीच्या काही डेसिबल वर. आणि आवाज किती मोठा आहे यावरून माणूस किती त्रासला आहे हे ठरत नाही. ज्याचा आवाज मोठा तो मजेत कामावर जातो. ज्याचा बारीक त्याने खाणेपिणे सोडलेले असते. मग त्रास येतो कुठून? १९८४ मध्ये हॅलम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि १९९० मध्ये पावेल यास्ट्रेबोफ यांनी याची जी उत्तरे दिली त्यांचा गाभा असा: मेंदू निरर्थक आवाज आपोआप गाळून टाकतो, पण ज्या आवाजावर धोक्याची चिठ्ठी लागली तो गाळत नाही. उलट त्यावर पहारा बसवतो. छाती धडधडते, झोप जाते, कान टवकारलेले राहतात, त्यामुळे आवाज आणखी ठळक होतो, त्यामुळे धोका आणखी खरा वाटतो.

नालासोपाऱ्यात रुळांलगतच्या चाळीत राहणारी माणसे पहिल्या गाडीपासून शेवटच्या गाडीपर्यंत निवांत झोपतात. गावाहून आलेला पाहुणा रात्रभर उठून बसतो. गाडी तीच, कानही तसेच. घरच्यांच्या मेंदूने त्या खडखडाटाला ‘काही नाही, नेहमीचीच’ असे कधीच ठरवून टाकले आहे. सवय म्हणतात ती हीच. पाहुणा जर आठ दिवस रोज रात्री घड्याळ लावून मोजत बसला, आज किती गाड्या गेल्या, कालच्यापेक्षा जोरात गेल्या का, तर त्याला ती कधीच होणार नाही. आणि कान वाजणारी माणसे नेमके हेच करतात. सकाळी डोळे उघडले की आधी कान तपासायचा: आहे का? वाढलाय का? दिवसातून दहादा शांत खोलीत जाऊन खात्री करायची. दिवसभर कानात बोळे घालून बसायचे, ज्याने बाहेरचे आवाज आणखी कमी होतात आणि आतला उठून दिसतो. इअरप्लग गाळ्यात आणि डीजेपुढे हवेत, स्वयंपाकघरात नव्हेत.

म्हणजे सवयीचे दोन टप्पे आहेत. आधी शरीर त्या आवाजाला घाबरायचे थांबते. नंतर, पुष्कळ नंतर, लक्ष आपोआप तिकडे जायचे थांबते. पहिला टप्पा न होता दुसऱ्याची वाट पाहिली की निराशा पदरी येते. याला आठवडे नाही, महिने लागतात, कधी वर्षही. मधे सर्दी झाली, जागरण झाले, घरात भांडण झाले की आवाज पुन्हा डोके वर काढतो आणि सगळे मुसळ केरात गेले असे वाटते. ते गेलेले नसते.

पहिल्या टप्प्याला मदत करणाऱ्या गोष्टी आहेत. ऐकू कमी येत असेल तर कानाची मशीन ही त्यांतली सगळ्यांत थेट गोष्ट, कारण मेंदूला हवे असलेले आवाज परत मिळतात. आपल्याकडे चष्मा लावताना कोणी लाजत नाही, मशीन लावताना माणूस चार वर्षे टाळतो. त्या चार वर्षांत तो भजनाला जायचे सोडतो, लग्नात कोपऱ्यात बसतो, सुनेशी बोलणे कमी करतो, आणि त्या शांततेत आवाज वाढत जातो. मशीनची किंमत हाही खरा अडसर आहे, त्याची माहिती पुढे दिली आहे.

दुसरी मदत बाहेरच्या सौम्य आवाजाची. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात डॉ. चार्ल्स युनिस नावाचे कान वाजणारे डॉक्टर एका कारंज्यापाशी उभे असताना त्यांच्या लक्षात आले की इथे आपला आवाज ऐकू येत नाही. सोबत जॅक व्हर्नन हे शास्त्रज्ञ होते. त्यातून कानात घालायची आवाज झाकणारी यंत्रे आली. पुढे यास्ट्रेबोफ यांनी सुचवले की आवाज पूर्ण बुडवू नये. बाहेरचा आवाज आतल्याच्या किंचित खाली ठेवावा, दोन्ही ऐकू यावेत, तरच मेंदू आतल्याला सरावतो. यासाठी महागडे काही लागत नाही. पंखा आहे. रेडिओवर दोन स्टेशनांच्या मधली खरखर आहे. फोनवर पावसाचे रेकॉर्डिंग आहे. राजोडी किंवा कळंबच्या किनाऱ्यावर संध्याकाळी तासभर बसता येते, आणि जून ते सप्टेंबर पत्र्यावरचा पाऊस फुकट असतो. मला भेटलेले बहुतेक कर्णनादवाले पावसाळ्यात बरे झोपतात.

तिसरी मदत विचारांच्या पातळीवरची, आणि पुरावा सगळ्यांत भक्कम आहे तो इथे. २०२० च्या कोक्रेन परीक्षणात २८ चाचण्या आणि २७०० हून अधिक माणसे होती. विचार आणि वर्तन बदलण्याच्या उपचाराने, ज्याला इंग्रजी आद्याक्षरांवरून सीबीटी म्हणतात, कर्णनादाचा जगण्यावर होणारा परिणाम कमी होतो असे त्यात दिसले. आवाजाची पातळी त्याने खाली येत नाही, त्याच्याशी जोडलेली दहशत खाली येते. वाचणाऱ्याला वाटेल, हे परदेशी प्रकरण, आपल्याकडे कुठे? तर इथे मराठी माणूस तसा श्रीमंत आहे. सीबीटीच्या घराण्यातली एक जुनी शाखा म्हणजे अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षे पत्रव्यवहार करून ती इथे रुजवली, त्यावर मराठीत लिहिले. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेने ती पद्धत सर्वसामान्य मराठी घरांपर्यंत नेली. "हा आवाज थांबलाच पाहिजे, नाहीतर माझे आयुष्य संपले" या वाक्याचे काय करायचे, हे मराठीत शिकवणारी माणसे वसईपासून घोडबंदर रस्त्याच्या पलीकडच्या टोकाला आहेत. कानाच्या डॉक्टरांनी त्यांच्याकडे चिठ्ठी द्यायला हवी आणि पेशंटने "मला वेडा समजता का?" म्हणून ती फाडू नये, एवढेच मधे अडलेले आहे.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांत जिंको, मेलाटोनिन, झिंक यांची कर्णनादासाठी शिफारस करू नये असे म्हटले. आपल्याकडे सर्रास लिहून दिले जाणारे बीटाहिस्टीन मेनिएरच्या चक्करसाठी वापरतात. नुसत्या कर्णनादावर त्याचा उपयोग सिद्ध झालेला नाही. चालू गोळी मनाने बंद मात्र करू नये, ती कशासाठी दिली आहे ते विचारावे. लसणीचे कोमट तेल, स्टेशनबाहेर चिमटा घेऊन बसलेला कान साफ करणारा, आणि व्हॉट्सॲपवरचे ‘सात दिवसांत आवाज गायब’ हे तिन्ही टाळावेत. पडद्याला भोक असेल तर तेल आत जाऊन नवे दुखणे उभे राहते.

आता सोबतीचे. हा आजार एकटे पाडतो याचे कारण साधे आहे: दुसऱ्याला तो ऐकू येत नाही. ताप थर्मामीटरवर दिसतो, पाय मोडला तर प्लास्टर दिसते. इथे नवरा सांगतो, "कान फुटायची वेळ आलीय," आणि बायको खरोखर लक्ष देऊन ऐकते व म्हणते, "मला तर काहीच येत नाही हो ऐकू." ती खोटे बोलत नसते. चेक संगीतकार स्मेताना यांनी १८७६ साली चार तंतुवाद्यांसाठीच्या आपल्या चतुष्टकाच्या शेवटच्या भागात व्हायोलिनवर एक लांबलेला, चिरका, उंच स्वर घातला. मजेत चाललेले संगीत त्याने एकदम थबकते. बहिरेपणाच्या आधी कानात घुसलेला आवाज त्यांनी तसा लिहून ठेवला. कर्णनादावर लिहिताना बीथोव्हनचे नाव घेण्याची चाल आहे, पण मला स्मेताना जवळचे वाटतात, कारण त्यांनी आपला आवाज चारचौघांना ऐकवला. आपल्यापैकी कोणाला चतुष्टक लिहिता येत नाही. पण फोनवर कर्णनादाचे नमुने मिळतात. त्यांतला आपल्यासारखा शोधून घरच्यांना रात्री दोन मिनिटे ऐकवावा. पुष्कळ घरांत यानंतर बोलण्याचा सूर बदलतो.

ब्रिटनमध्ये जॅक ॲशली हे खासदार १९६७ साली कानाच्या शस्त्रक्रियेनंतर पूर्ण बहिरे झाले. ऐकू काही येत नव्हते आणि कर्णनाद मात्र चालू होता. ते संसदेत परतले, आणि १९७९ मध्ये त्यांच्या पाठबळावर ब्रिटिश टिनिटस असोसिएशन उभी राहिली. तिचे काम मुख्यतः गावोगावच्या छोट्या गटांतून चालत आले. आपल्याकडे असे गट चालवण्याची अक्कल आणि हौस दोन्ही आहे. पुण्याचे पार्किन्सन्स मित्रमंडळ पाहा. पूर्ण बरा न होणारा आजार घेऊन माणसे तिथे भेटतात, व्यायाम करतात, सहलीला जातात. वसईत तर मंडळांचा तोटा नाही. चर्चचे गट आहेत, भजनी मंडळे आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, ७:३५ च्या गाडीचा ग्रुप आहे. यांतल्या कोणत्याही एकाच्या खोलीत महिन्यातून एका रविवारी दहा खुर्च्या मिळाल्या तरी पुरे.

त्या खुर्च्यांवर काय करायचे याबद्दल माझी काही ठाम मते आहेत. खोलीत पंखा चालू असावा. आपापला आवाज कसा आहे हे प्रत्येकाने एकदा सांगावे आणि तो विषय दहा मिनिटांत मिटवावा, नाहीतर दोन तास सगळे मिळून त्याच आवाजाकडे कान लावून बसतील. औषध, तेल, यंत्र विकणाऱ्याला आत घेऊ नये, तो कोणाचा कितीही जवळचा असला तरी. ज्याला सवय झाली आहे अशा एकाने आवर्जून यावे. अडचण अशी की बरे वाटू लागलेली माणसे येईनाशी होतात आणि नव्याने आलेल्याला सगळे त्रासलेलेच दिसतात. बायकोला, नवऱ्याला, मुलाला सोबत आणावे. आणि गाळ्यातल्या कामगाराला येता यावे म्हणून बैठक त्याच्या सुटीच्या दिवशी, हिंदी-मराठी दोन्हींत चालावी. या गावात कान वाजणारा प्रत्येक जण मराठी बोलतोच असे नाही.

तपासणीसाठी लांब जावे लागते ही तक्रार पूर्ण खरी नाही. कान-नाक-घसा तज्ज्ञ वसई, नालासोपारा, विरार तिन्हीकडे आहेत. सखोल तपासणी आणि मशीनसाठी वांद्रे रेक्लमेशनला १९८३ पासून केंद्र सरकारची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. मुंबई सेंट्रलला नायर रुग्णालयात श्रवणतज्ज्ञ घडवणारा जुना विभाग आहे. दोन्ही आपल्याच लाइनवर, गाडी बदलावी लागत नाही. झोप पूर्ण उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर बैठकीच्या रविवारची वाट पाहू नये. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येते.

पान उलटण्यापूर्वी एक शेवटची गोष्ट, आणि ती काही वाचकांपुरतीच आहे. एका कानाने ऐकू येणे अचानक, एक-दोन दिवसांत कमी झाले असेल. तोंड वाकडे झाले असेल किंवा गरगरून उभेही राहवत नसेल. डोक्याला मार लागल्यावर आवाज सुरू झाला असेल. तर ही पुस्तिका मिटवा आणि आज जो डॉक्टर गाठता येईल त्याच्याकडे जा. अचानक गेलेल्या श्रवणावर स्टिरॉइडचा उपचार पहिल्या काही दिवसांतच सगळ्यांत उपयोगी पडतो, दोन आठवड्यांनंतर त्याचा फारसा भरवसा नसतो. आवाज फक्त एकाच कानात असेल, किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर धक् धक् असा येत असेल, तर घाई आजची नाही, पण तपासणी याच महिन्यात व्हायला हवी. बाकीच्यांनी पंखा चालू ठेवून पुढचे प्रकरण वाचायला घ्यावे.